मामाची चार खोकी

तुर्कीच्या सफरचंदावर एक छोटं स्टिकर असतं. नखाने एका कडेला उचललं की अख्खं निघून येतं, पण फळ गार असेल तर मधेच फाटतं आणि खाली पांढरा चिकट डाग राहतो, तो मग ओल्या फडक्याने पुसायला लागतो. हे मला माहितीय कारण 2025 च्या मे महिन्यात एका रात्री साडेदहापासून जवळजवळ एक वाजेपर्यंत मी आणि माझा मामा त्याच्या घरातल्या पॅसेजमध्ये पेपर पसरून हेच करत बसलो होतो. चार खोकी होती. मामी मधून मधून येऊन बघून जायची, बोलत काही नव्हती. मामाची फळांची गाडी आहे, सिंहगड रोडच्या बाजूला, मी शाळेत होते तेव्हापासून. त्या रात्री पहिल्यांदा मी त्याला माल लपवताना बघितलं आणि ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, म्हणून हे लिहितेय, खूप दिवस लिहू लिहू म्हणत होते.

आधी त्या दिवसांचं सांगते, कारण आता विसरायला झालंय. 22 एप्रिलला पहलगामला 26 जणांना मारलं, त्यातले सहा आपल्या महाराष्ट्रातले, दोन आपल्या पुण्याचे. नाव विचारून, धर्म विचारून, बायकोमुलांच्या डोळ्यासमोर. त्या आठवड्यात पुण्यात कुठेही जा, रिक्षात, बँकेत, भाजीच्या रांगेत, लोक हळू आवाजात तेच बोलत होते. मग 7 मे ला ऑपरेशन सिंदूर झालं, आणि 9 मे ला लष्कराच्या पत्रकार परिषदेत सांगितलं की आदल्या रात्री पाकिस्तानने तीनशे ते चारशे ड्रोन पाठवले आणि प्राथमिक तपासात ते तुर्कीचे सोनगार ड्रोन दिसतायत. तुर्कीचे अध्यक्ष एर्दोगान उघड उघड पाकिस्तानच्या बाजूने बोलले. आणि हे लोकांना जास्त लागलं त्याचं कारण 2023 चा फेब्रुवारी. तुर्कीत तो भयानक भूकंप झाला तेव्हा आपण ‘ऑपरेशन दोस्त’ काढून एनडीआरएफची पथकं, कुत्री, लष्कराचं अख्खं फील्ड हॉस्पिटल तिकडे पाठवलं होतं. ढिगाऱ्यातून एका छोट्या मुलीला बाहेर काढतानाचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केला होता. त्याची ही परतफेड, असं प्रत्येकाला वाटलं, मलाही वाटलं.

मग पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी जाहीर केलं की तुर्कीचं सफरचंद घेणार नाही. उदयपूरच्या मार्बलवाल्यांनी तुर्कीचा मार्बल बंद केला. लोकांनी इस्तंबूलच्या, आणि पाकिस्तानचीच बाजू घेणाऱ्या अझरबैजानमधल्या बाकूच्या ट्रिपा धडाधड कॅन्सल केल्या.

त्यात मी पण होते. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही भाऊबहिणींनी मिळून त्यांना तुर्कीला पाठवायचं ठरवलं होतं, कापाडोकियाचे ते माणसं घेऊन उडणारे गरम हवेचे फुगे आईला बघायचे होते. मी कॅन्सल केलं. माझ्या वाट्याचे 38,000 रुपये गेले, परत मिळाले नाहीत, आणि आजही त्याचं मला वाईट वाटत नाही. घरात कुणी सांगितलं नव्हतं. मला तिथे पैसे खर्च करणं नको वाटलं, एवढंच. कापाडोकियातल्या गोरेम गावच्या छोट्या हॉटेलवाल्याला मी मेसेज केला, खरं कारण लिहिलं. त्याचं उत्तर आलं की या आठवड्यात भारतातून आलेलं हे तिसरं कॅन्सलेशन आहे, मला समजतं, तुमच्या आईवडिलांना शुभेच्छा. बास एवढंच. तो मेसेज मी बऱ्याचदा वाचला. त्या माणसाने ड्रोन विकलेले नाहीत. त्याचं मत कोणाला पडतं हेही मला ठाऊक नाही. तरीपण मी पुन्हा बुकिंग केलं नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच होतं, पण त्याचं नुकसान झालं हे मी खोटं म्हणणार नाही. बहिष्कार टाकायचा आणि वर म्हणायचं की आमचं भांडण फक्त सरकारशी आहे, सामान्य माणसाशी नाही, हे मला पटत नाही. फटका सामान्य माणसालाच बसतो, तो बसावा म्हणूनच तर करतो ना आपण, म्हणजे तो ओरडेल आणि ते वरपर्यंत जाईल.

असो, मामाकडे येते.

मामाने ती चार खोकी व्यापाऱ्यांनी बहिष्कार जाहीर करायच्या दोन-तीन दिवस आधी उचलली होती. उधारीवर. एकेक खोकं दोन हजाराच्या आसपास पडलं होतं. मे महिन्यात आपलं सफरचंद म्हणजे कोल्ड स्टोरेजमधलं, हिमाचलचा नवा माल जुलै-ऑगस्टशिवाय येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात गाडीवर जे लालभडक चकचकीत दिसतं ते बहुतेक बाहेरचं असतं, तुर्की, इराण, कुठलं कुठलं. गिऱ्हाईक देश बघत नाही, रंग बघतं. आणि हेही सांगते की पाकिस्तानचा माल सरकारने 2 मे ला पूर्ण बंद केला होता, पण तुर्कीचं सफरचंद येणं कायद्याने चालूच होतं. म्हणजे मामाने काही चोरून आणलेलं नव्हतं.

संध्याकाळी तीन पोरं आली. एरियातलीच, मामा त्यांना लहानपणापासून ओळखतो. एकाने सफरचंद उचलून स्टिकर बघितलं. शिवीगाळ नाही, काही नाही, उलट अगदी आदराने, ‘काका, हे ठेवू नका, बरं दिसत नाही.’ मामा म्हणाला पैसे अडकलेत रे, एवढं संपलं की नाही आणणार. ‘काका, तिकडे आपले जवान मरतायत.’ एकजण मोबाईल वर धरून उभा होता, व्हिडिओ चालू होता का नाही कोण जाणे. मामाने हात जोडले आणि खोकी गाडीच्या खाली सरकवली. माझ्या मामाने, ज्याचा सख्खा भाचा, म्हणजे माझा मावसभाऊ, सैन्यात आहे आणि त्या दहा दिवसात ज्याचा फोन लागत नव्हता. तो हे त्या पोरांना बोलला पण नाही. मी विचारलं का नाही सांगितलंस, तर म्हणाला, ‘सफरचंद विकायला पोराचं नाव कशाला मधे आणू?’

म्हणून मग ती रात्र, ते स्टिकर.

आणि स्टिकर काढताना मला एक गोष्ट कळली जी आधी डोक्यात आली नव्हती. ज्या बाईला मनापासून तुर्कीचं घ्यायचं नाहीये तिला आता कळणारच नाही. तिने विचारलं तर मामा काय सांगणार? तो खोटं बोलणार नाही हे मला माहितीय, पण तो विचारायची वेळच येऊ देणार नाही. म्हणजे त्या पोरांनी जे केलं त्याने बहिष्कार पक्का झाला नाही, उलट ज्याला खरंच करायचा होता त्याच्या हातातून तो काढून घेतला. दबाव आला की माल बंद होत नाही हो, फक्त लेबल निघतं.

आपल्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द आहे, बहिष्कार. आणि मराठी माणसाला तो शब्द दोन बाजूंनी माहितीय. एक बाजू आपण शाळेत शिकलो. 1905, बंगालची फाळणी, पुण्यात मुठेपलीकडे विलायती कपड्यांची होळी, लोकमान्य टिळक तिथे होते, आणि सावरकर तेव्हा फर्ग्युसनचे विद्यार्थी, त्यांना त्यापायी 10 रुपये दंड झाला आणि होस्टेलमधून काढलं. त्याच्याही आधी सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, 1877 च्या दिल्ली दरबारात साध्या खादीत गेलेले. आणि बाबू गेनू, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत काम करणारा पोरगा, 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. हे मी लिहिताना पण अंगावर काटा येतो. पण एक बघा, या सगळ्यांनी स्वतःचं काहीतरी पणाला लावलं होतं. स्वतःचे कपडे, स्वतःचं होस्टेल, बाबू गेनूने तर जीव. त्या काळबादेवीच्या व्यापाऱ्याकडे माल होता, ताकद होती, आणि पोलीस त्याच्या बाजूला होते. बाबू गेनू त्याच्यापेक्षा दुबळा होता. माझ्या मामासमोर जी तीन पोरं उभी होती ती मामापेक्षा दुबळी नव्हती.

दुसरी बाजू गावाकडच्या माणसाला विचारा. वाळीत टाकणे. पिठाची गिरणी बंद, विहीर बंद, दुकानदार माल देत नाही, कोणी मयताला येत नाही. 1927 ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं म्हणून त्यानंतर कोकणातल्या गावागावात दलितांवर बहिष्कार पडला. बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवलं, आणि गोलमेज परिषदेच्या वेळी ज्या मागण्या मांडल्या त्यात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा धरा अशीही मागणी होती. तो कायदा आपल्या महाराष्ट्रात कधी आला? विधिमंडळात 2016 ला मंजूर, लागू 2017 ला. इतकी वर्षं लागली, कारण हे हत्यार किती सोपं आहे आणि किती खोल लागतं हे कळायला आपल्याला वेळ लागला.

आणि हे काही फक्त जुनं नाही. पहलगामनंतर त्याच दिवसात देशात ठिकठिकाणी काश्मिरी विद्यार्थ्यांना त्रास झाला, शाल विकणाऱ्यांना हुसकावलं. खरेदी करण्याआधी दुकानदाराला धर्म विचारा असं आपल्याच राज्यातल्या एका मंत्र्याने कोकणातल्या सभेत सांगितलं. तुर्कीचं सफरचंद घेऊ नका हे सांगणं आणि अमक्या धर्माच्या माणसाकडून सफरचंद घेऊ नका हे सांगणं, यात जमीन अस्मानाचा फरक आहे, पण ऐकणारा माणूस तोच, गाडी तीच, आणि विचारायची पद्धत पण तीच, ‘कुठलं आहे हे?’ एकदा गाडीसमोर उभं राहून विचारायची सवय लागली की पुढचा प्रश्न यायला वेळ लागत नाही. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते. 1905 नंतर बंगालमध्ये हेच झालं होतं, स्वदेशीच्या नावाने गावच्या बाजारात जबरदस्ती सुरू झाली आणि भरडले गेले ते स्वस्त विलायती कापड विकणारे गरीब, त्यातले बरेचसे मुसलमान, आणि रवींद्रनाथ टागोर, जे सुरुवातीला त्या चळवळीत स्वतः रस्त्यावर उतरले होते, ते त्यातून बाजूला झाले. लोकांनी त्यांना काय काय म्हटलं असेल.

मला कोणी म्हणेल मग काहीच करायचं नाही का. करायचं ना! मी केलं. आणि जगात हे चालतं याचा दाखला पण आहे, तोही फळाचाच. 1984 मध्ये डब्लिनच्या एका दुकानात काउंटरवर बसणाऱ्या एका मुलीने, मेरी मॅनिंग तिचं नाव, दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेपफ्रूटचं बिल करायला नकार दिला, तिथे वर्णद्वेष आहे म्हणून. तिला निलंबित केलं, तिच्यासोबतच्या मोजक्या सहकाऱ्यांनी संप केला, जवळजवळ तीन वर्षं ते सगळे फुटपाथवर उभे होते, तुटपुंज्या पैशावर. 1987 ला आयर्लंड सरकारने दक्षिण आफ्रिकेची फळं भाज्या आणणंच बंद केलं. बॉयकॉट हा शब्दच मुळात आयर्लंडचा, 1880 ला मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कॅप्टन बॉयकॉट नावाचा कारभारी होता, कुळांनी त्याचं पीक काढायला नकार दिला, तिथून तो आला. तर त्या संप करणाऱ्यांनी आपला पगार पणाला लावला, आणि काय झालं की बहिष्कार उठेल तेही सगळ्यांना माहिती होतं. वर्णद्वेष संपवा, मग फळं विका.

आणि आपण स्वतः काय कमी होतो? 1946 मध्ये, अजून स्वातंत्र्य पण मिळालं नव्हतं, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तिथल्या भारतीयांना जी वागणूक मिळत होती त्यावरून. आपल्या निर्यातीतला सुमारे 5 टक्के माल तिकडे जायचा, तो एका फटक्यात सोडला. मग कित्येक वर्षं आपल्या पासपोर्टवर लिहिलेलं असायचं की दक्षिण आफ्रिका सोडून बाकी देशांना चालेल, बाबांच्या जुन्या पासपोर्टवर मी बघितलंय. 1974 ला टेनिसच्या डेव्हिस कपच्या फायनलला पोचलो, समोर दक्षिण आफ्रिका, खेळलो नाही, कप त्यांना गेला. विजय अमृतराज, आनंद अमृतराज, ऐन भरातली टीम होती ती. देशाने स्वतःचं काहीतरी सोडलं होतं, मोठं सोडलं होतं, आणि ते फळवाल्याच्या खिशातून नव्हतं सोडलेलं.

आता 2025 चा हिशोब मांडा. ज्या विमानांनी पाकिस्तान आपल्याशी लढला ती जे-10 विमानं चीनची, त्यातली पीएल-15 क्षेपणास्त्रं चीनची. सिप्री म्हणून स्वीडनची संस्था आहे, शस्त्रांच्या व्यापारावर लक्ष ठेवते, तिच्या आकड्याप्रमाणे 2020 ते 2024 मध्ये पाकिस्तानने बाहेरून घेतलेल्या शस्त्रांपैकी 81 टक्के चीनची. मग चीनचं काय केलं आपण? 2020 ला गलवानमध्ये 20 जवान गेले तेव्हा टीव्ही फोडले लोकांनी, सरकारने 59 अ‍ॅप बंद केली, आणि 2020-21 ला चीनकडून आपली आयात साधारण 65 अब्ज डॉलरची होती ती 2024-25 ला 113 अब्जाच्या वर गेली. ज्या फोनवर ते पोरगं मामाचा व्हिडिओ काढत होतं तो कुठल्या कंपनीचा होता हे मी विचारणार नाही, कारण माझ्या फोनच्या आत पण चीनचेच पार्ट आहेत आणि तुमच्याही. मी त्या पोराला दोष देत नाहीये. मला म्हणायचंय की सफरचंद सोडणं आपल्याला सोपं होतं म्हणून आपण सफरचंद धरलं. 2025 मध्येच 14 सप्टेंबरला दुबईत भारत पाकिस्तान मॅच झाली, हस्तांदोलन केलं नाही पण मॅच झाली, जाहिराती झाल्या, पैसे झाले. मामा ती मॅच बघत नव्हता. गाडी लावून उभा होता.

बरं तुर्कीशी तर आपला व्यापार असा आहे की आपण त्यांच्याकडून घेतो त्यापेक्षा जास्त त्यांना विकतो. 2023-24 ला विकलं साडेसहा अब्ज डॉलरहून जास्त, घेतलं पावणेचार अब्जाच्या आसपास. त्यांनी पण उलट ठरवलं असतं तर? आणि हिमाचलचे बागायतदार तर कित्येक वर्षं बोंबलतायत की बाहेरच्या सफरचंदाने आमचा भाव पडतो. तेव्हा 50 टक्के ड्युटी होती, 2023 ला किलोला 50 रुपयांच्या खालची आयात बंद केली, तरी त्यांचं रडगाणं ऐकायला कोणी नव्हतं, आणि मग मे मध्ये अचानक सगळ्यांना हिमाचलचा शेतकरी आठवला. आठवला ते चांगलंच झालं. पण त्याच्याकडून घ्यायला युद्ध लागतं का?

गांधीजींचा एक फोटो आहे, शोधून बघा. 1931 चा सप्टेंबर, इंग्लंडमध्ये लँकेशायरला डार्वन नावाचं गिरणीगाव. आपण विलायती कापडावर बहिष्कार टाकला होता आणि त्या भागातल्या गिरण्या बंद पडत होत्या, हजारो लोक बेकार झाले होते. गांधीजी त्यांना जाऊन भेटले. चादर पांघरून मध्ये उभे आहेत आणि आजूबाजूला गिरणी कामगार बायका हात वर करून हसतायत. त्यांनी जाऊन बहिष्कार मागे घेतला नाही, माफी मागितली नाही, आमच्याकडे याहून जास्त उपाशी आहेत एवढं सांगितलं. पण ज्यांच्या पोटावर आपला निर्णय येतोय त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मला गोरेमच्या त्या माणसाला खरं कारण लिहावंसं वाटलं ते बहुतेक यामुळेच, तेव्हा मला हा फोटो आठवला होता असं नाही, पण आता वाटतं.

त्या तीन पोरांनी मामाला जर म्हटलं असतं की काका किती अडकलेत, चार खोकी ना, आम्ही वर्गणी काढतो, तुमचं नुकसान भरून देतो, तुम्ही हे ठेवू नका, तर मी स्वतः पहिले 500 दिले असते आणि त्यांच्या पाया पडले असते. गणपतीची वर्गणी काढता येते तर ही का नाही? मार्केट यार्डातल्या मोठ्या व्यापाऱ्याने ऑर्डर फिरवली, त्याच्याकडे फिरवायला दुसरा देश होता. मामाकडे दुसरं खोकं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिकर नसलेली सफरचंदं गाडीवर लावायला मामा तयार होईना. रात्रभर काढली आणि सकाळी म्हणतो, ‘नको गं, फसवल्यासारखं वाटतं.’ दोन खोकी त्याने शेजारच्या मेसवाल्याला आल्या भावाने दिली, सांगून दिली कुठली आहेत ते, त्याला फरक पडला नाही. उरलेली दोन मी घेतली. आईबाबांची तुर्कीची ट्रिप कॅन्सल करून चार दिवस झाले होते आणि मी तुर्कीची दोन खोकी सफरचंदं रिक्षात घालून घरी आणली. पैसे तिकडे कधीच पोचलेले होते, राहिले होते ते फक्त मामाचे. मी खोक्याला अडीच हजार काढून दिले तर त्याने मोजले आणि वरचे परत केले, ‘खरेदीच्या भावाने घे, तुझ्याकडून काय कमवू.’

आईने निम्मी शेजारीपाजारी वाटली, प्रत्येकाला सांगून. एकीने घेतली नाहीत, नको म्हणाली, तिच्या मनात होतं ते, आईने पण आग्रह केला नाही, तिला घरातले आंबे दिले. उरलेल्या सफरचंदांचा साखरांबा केला, वेलदोडा आणि थोडं केशर घालून. मावसभावाचा फोन 18 तारखेला लागला. जुलैमध्ये तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने पोळीशी तो साखरांबा खाल्ला आणि विचारलं कशाचा आहे, तर मामाने त्याला सगळं सांगितलं, ती पोरं, हात जोडलेले, स्टिकर, सगळं. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘मामा, तू त्यांना सांगायचं होतंस ना मी कुठे आहे ते,’ आणि मामा म्हणाला, ‘गप जेव.’